मावशीचा बचाव : सहा भिंती झाल्या, दार कुठंय?

मागच्या अंकात एका ओळीत लिहून गेले होते, की पोकेमॉनच्या स्पर्धेत मला मारकुटी टीम नको, चिवट टीम हवी. त्यावर पत्रं आली, बरीचशी भांडायला. त्यातली पाच इथे घेतलीत. हा खेळ ज्यांच्या घरात अजून शिरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : दोघं जण, प्रत्येकाकडे सहा राक्षस, एका टर्नला एक मूव्ह किंवा एक बदली. ज्याचे सगळे आधी पडतील तो हरला. बहुतेक जण समोरच्याला झटपट पाडायला बघतात. स्टॉल खेळणारे आधी आपण पडणार नाही एवढं बघतात आणि मग समोरच्याला झिजवतात. मी या दुसऱ्या जातीतली. लालबागला एका बँकेत 23 वर्षं कॅश मोजतेय, घाई अंगातच नाही. हा खेळ भाच्याने शिकवला आणि आता तो माझ्याशी खेळत नाही.

मावशी, माझी टीम अशी आहे : टॉक्सापेक्स, ब्लिसी, डोंडोझो, क्लॉडसायर, कॉर्विनाइट, अम्ब्रियॉन. सिम्युलेटरवर, म्हणजे ऑनलाइन, सिंगल्स (एकास एक) खेळतो. मला पटकन कुणी हरवत नाही, पण मी जिंकतही नाही. साठ-सत्तर टर्न खेळून शेवटी हरतो. गोल्डेंगो आला की काही सुचतच नाही. काय चुकतंय?
— बारावीचा विद्यार्थी, कांजूरमार्ग

तू सहा भिंती बांधल्यास आणि दार ठेवायला विसरलास. बाहेरचा आत येत नाही हे खरं, पण तुलाही बाहेर पडता येत नाही.

एक काम कर. कागद घे, सहा नावं एकाखाली एक लिही आणि प्रत्येकासमोर दोन रकाने कर. पहिल्यात लिही, हा कुणाला अडवतो. दुसऱ्यात लिही, हा समोरच्याचं काय कमी करतो. पहिला रकाना तुझा भरून वाहील. दुसऱ्यात काय आहे? ब्लिसीचा सिस्मिक टॉस, म्हणजे लेव्हल 100 ला सरळ 100 एचपी (एचपी म्हणजे अंगातला जीव). टॉक्सिकचं विष, जे पहिल्या टर्नला सोळावा हिस्सा, दुसऱ्याला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन असं चढत जातं आणि सहाव्या टर्नपर्यंत माणसाला झोपवतं. पण समोरच्याने मध्येच बदली केली की मोजणी पुन्हा एकपासून. एवढंच तुझं भांडवल.

आता गोल्डेंगोकडे बघ. तो स्टील आणि घोस्ट टाइपचा; टाइप म्हणजे जात, कुठला मार किती लागतो ते तिच्यावर ठरतं. स्टीलला विष लागत नाही. सिस्मिक टॉस फायटिंग टाइपची मूव्ह, ती घोस्टला लागत नाही, म्हणजे ब्लिसीचे ते 100 गेले. कॉर्विनाइटचा बॉडी प्रेसही फायटिंग, तोही गेला. वर त्याची एबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, 'गुड ॲज गोल्ड' : थेट मार नसलेली मूव्ह त्याच्यावर टाकली तर चालतच नाही. अम्ब्रियॉनचा फाउल प्ले लागतो, पण ती मूव्ह समोरच्याच्याच अटॅकने मारते आणि गोल्डेंगोचा मूळ अटॅक 60. त्याच्याच हाताने त्याच्या थोबाडीत, तीही हळूच. क्लॉडसायरचा अर्थक्वेक बसतो, पण तो हातात फुगा घेऊन, म्हणजे जमिनीपासून वर तरंगत आला, तर फुगा फुटेपर्यंत तेही नाही. उरला डोंडोझो, आणि गोल्डेंगोने 'ट्रिक' करून आपला चॉइस स्कार्फ त्याच्या गळ्यात घातला, की तो पुढचा सगळा वेळ एकच मूव्ह मारत बसणार. हा स्कार्फ माझ्याही गळ्यात पडलाय. ब्लिसी बिचारी सॉफ्ट-बॉइल्ड करत राहिली, करतच राहिली.

तेव्हा अम्ब्रियॉनला घरी बसव आणि गार्गानॅकलला आण. तू कांजूरमार्गचा, हायवेला जाताना मिठागरं दिसतात तुला. हा त्याच मिठाचा डोंगर समज. त्याची 'सॉल्ट क्युअर' ही मूव्ह थोडा मार देते आणि नंतर दर टर्नला समोरच्याचा आठवा हिस्सा खाते. स्टील किंवा वॉटर असेल तर चौथा. जखमेवर मीठ म्हणतात ते शब्दशः. आणि ही मार देणारी मूव्ह असल्यामुळे गोल्डेंगोची एबिलिटी तिला अडवू शकत नाही. शिवाय त्याच्या स्वतःच्या 'प्युरिफाइंग सॉल्ट'मुळे घोस्टच्या मूव्हचा मार निम्मा होतो आणि विष, भाजणं, पॅरालिसिस यांतलं काही त्याला होत नाही. मीठ उतरवायचं तर समोरच्याला बदली करावीच लागते. इथेच तुझं दार. बदली करून येणाऱ्याच्या पायाखाली क्लॉडसायरने आधीच स्पाइक्स पसरून ठेवलेले असले पाहिजेत : एक थर असेल तर आठवा हिस्सा, दोनला सहावा, तीन थरांना चौथा. थांबला तर मीठ, पळाला तर काटे. ज्यांच्या पायात हेवी-ड्यूटी बूट असतील किंवा जे उडतात ते सुटतील. सगळे थोडेच सुटतात.

अजून एक. डोंडोझो आणि क्लॉडसायर दोघंही 'अनअवेअर' ठेवलेस ना? समोरच्याने वाढवलेली ताकद न मोजणारे दोघं जण एकाच टीममध्ये कशाला? एका काउंटरला दोन कॅशियर बसवल्यासारखं झालं. क्लॉडसायरला 'वॉटर अब्सॉर्ब' दे. त्याला पाण्याची भीती असते, तीच जाते.

शेडिंजाभोवती डिफेन्सिव्ह टीम बांधता येईल का? त्याला काही लागतच नाही ना?
— एक वाचक, मुलुंड

त्याचे एचपी 1. लाख खटपट केलीस तरी 1 च. 'वंडर गार्ड'मुळे त्याला फक्त सुपर-इफेक्टिव्ह मार लागतो, म्हणजे फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट, डार्क. पाच टाइप सोडून बाकीच्यांनी डोकं आपटावं. पण वाळूचं वादळ, विष, भाजणं, मैदानातले दगड, यांतलं काहीही त्याला एका फुंकरीत नेतं. त्याला जिवंत ठेवायला बाकीचे पाच राबणार असतील तर ती टीम नव्हे, नवसाचं पोर. 'सोर्ड-शील्ड' या जुन्या गेममध्ये बूट घालून खेळव, मजा येते. 'स्कार्लेट-व्हायोलेट'मध्ये तो नाहीच, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटला.

सगळे जण त्याच-त्याच भिंती वापरतात. मला असं काही हवंय की समोरचा म्हणेल, हे काय आणलंय! कुठून सुरुवात करू?
— कॉलेजकन्या, बोरिवली

समोरच्याच्या चेहऱ्यापासून सुरुवात करू नकोस. मी केली होती.

2014 ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टन डीसीला झाली. कोरियाच्या सेजुन पार्कने ती जिंकली आणि त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होती. खार. निळ्या-पांढऱ्या पट्ट्याची, गोजिरी, जिला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. ते बघून मला वाटलं, अरे, मग मी का नाही? आमच्या विक्रोळीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दहा-पंधरा जण जमतात, तिथे मी पाचिरिसू घेऊन गेले. सगळे हसले, मीही हसले. पहिल्या फेरीत तिने एक मार खाल्ला आणि गेली, दुसऱ्या फेरीत तेही न करता गेली. मग पोरांनी मला विचारलं, "मावशी, हिने केलं काय नेमकं?" मला उत्तर देता येईना.

घरी येऊन पार्कची खार पुन्हा नीट बघितली. तिच्या चार मूव्ह : फॉलो मी, नझल, सुपर फँग, प्रोटेक्ट. तो डबल्सचा खेळ, दोन्हीकडून दोन-दोन मैदानात. फॉलो मी म्हणजे 'या, मला मारा'. समोरच्याचे वार शेजाऱ्यावर न जाता खारीवर येतात. तिचा शेजारी होता गॅराडोस. त्याला विजेचा मार चौपट लागतो. आणि खारीची एबिलिटी 'व्होल्ट अब्सॉर्ब', वीज लागली तर तिचे एचपी वाढतात! म्हणजे गॅराडोसवर सोडलेली वीज ही बया मधल्या मध्ये गिळायची. उरलेल्या वेळात नझलने समोरच्याला पॅरालिसिस, नाहीतर सुपर फँगने असेल तेवढ्या एचपीचं निम्मं. एकही काम असं नाही की जे ती जागेवर नसताना झालं असतं. आणि मी तिला सिंगल्समध्ये नेलं, जिथे शेजारीच नसतो. फॉलो मी म्हणत ती एकटीच उभी. कुणी करायचं फॉलो?

तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे. विचित्र गडी घ्यायचा, त्याच्या जागी नेहमीचा ठेवून बघायचा आणि विचारायचं, काय अडलं? काहीच अडलं नाही तर विचित्र गडी म्हणजे हौस. हौस करावी, पण स्पर्धेची फी भरून करू नये.

या परीक्षेत पास झालेला एक सांगते : ऑर्थवर्म. लोखंडी गांडूळ. तुला हसू येईल, येऊ दे. स्टील टाइप म्हटलं की समोरचा डोळे झाकून अर्थक्वेक मारतो, कारण स्टीलला ग्राउंड दुप्पट लागतं. याची एबिलिटी 'अर्थ ईटर' : ग्राउंडची मूव्ह बसली की मार नाहीच, उलट एचपीचा चौथा हिस्सा भरून येतो. माती खाणारा प्राणीच तो.

आता त्याला टॉक्सापेक्सच्या शेजारी उभा कर. टॉक्सापेक्सला तीन प्रकारचे मार दुप्पट लागतात : इलेक्ट्रिक, ग्राउंड, सायकिक. ग्राउंड गांडूळ खातं, सायकिक त्याला निम्मं लागतं. उलट गांडुळाला लागतात फायर आणि फायटिंग, आणि टॉक्सापेक्सला ती दोन्ही निम्मी. शिवाय 'रिजनरेटर'मुळे टॉक्सापेक्स मैदानातून परत आला की तिसरा हिस्सा भरूनच येतो, म्हणजे दोघांची ये-जा जितकी जास्त तितकं बरं. राहिली वीज. ती क्लॉडसायरला लागतच नाही, तो ग्राउंड. क्लॉडसायरला भीती ग्राउंड, सायकिक, आइस आणि पाण्याची. पहिली तिन्ही पुन्हा गांडुळाकडे वळव, पाणी वॉटर अब्सॉर्बकडे. अशी तिघांची साखळी झाली की मग कबड्डीतल्यासारखं, हात धरलेले आहेत तोवर चढाई करणाऱ्याला वाट नाही.

गांडुळाचं दुखणंही सांगून ठेवते. डिफेन्स 145, पण स्पेशल डिफेन्स 55. समोरून स्पेशल आग आली तर त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस, बदली कर. आणि 'मोल्ड ब्रेकर' एबिलिटीवाला समोर असला तर अर्थ ईटर बंद; तिथे अर्थक्वेक पूर्ण दुप्पट बसतो. हे मला आधीच माहीत होतं असं मी म्हणणार नाही.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याची टीम बचावाची असते म्हणून बिल्डिंगमधली मुलं त्याला 'रड्या' म्हणतात, रडीचा डाव खेळतो म्हणतात. मला यातलं काही कळत नाही. त्याला टीम बदलायला सांगू का?
— एक आई, गिरगाव

ताई, टीम बदलायला सांगू नका. मला तर समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलाने तोंडावर म्हटलंय, "मावशी, ही रडी आहे." काय झालं होतं ते सांगते, म्हणजे चिरंजीव काय करतात ते तुम्हाला कळेल.

त्याचा शेवटचा गडी टायरानिटार. हातात चॉइस बँड : ताकद दीडपट, पण एकदा जी मूव्ह निवडली तीच मारत राहायची. त्याने निवडली स्टोन एज. माझा कॉर्विनाइट, लोखंडी पक्षी. आता प्रत्येक मूव्ह किती वेळा मारता येते याला मर्यादा असते, तिला पीपी म्हणतात. स्टोन एजचे जास्तीत जास्त 8. आणि माझ्या पक्ष्याची एबिलिटी 'प्रेशर', त्याच्यावर मूव्ह मारली की एकाऐवजी दोन पीपी खर्च. म्हणजे आठाचे चारच.

मी विजेच्या बिलाच्या मागे रेघा ओढत होते. पहिली रेघ. माझा पक्षी आधी चालायचा, तो दर वेळी 'रूस्ट' करत होता, म्हणजे खाली बसून निम्मे एचपी भरून घेत होता. आणि बसलेल्या पक्ष्याचा फ्लाइंग टाइप त्या टर्नपुरता जातो, निव्वळ स्टील उरतो, मग त्याला दगड निम्माच लागतो. दुसरी रेघ. मुलगा जोरात बटण दाबत होता. तिसरी वेळ हुकली, स्टोन एज पाचातून एकदा हुकतेच, पण रेघ ओढलीच, हुकली तरी पीपी जातो. चौथी. मग त्याच्या स्क्रीनवर मूव्ह करडी पडली आणि त्याचा अंगठा हवेत तसाच राहिला. चॉइस बँडमुळे दुसरी मूव्ह घेता येईना, बदलीला माणूस उरला नव्हता. अशा वेळी राक्षस 'स्ट्रगल' करतो, आणि प्रत्येक स्ट्रगलला स्वतःच्याच एचपीचा चौथा हिस्सा गमावतो. चार वेळा धडपडून टायरानिटार स्वतःच पडला. शेवटच्या आठ टर्नमध्ये मी त्याला एकदाही मारलं नाही.

याला तो मुलगा रडी म्हणाला. मी म्हटलं, मी मोजत होते, तू मोजलं नाहीस. आपल्या मुंबईच्या क्रिकेटला या प्रकारासाठी शब्दच आहे, खडूस. विकेट फेकायची नाही, बोलर दमेपर्यंत उभं राहायचं. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर हे शिकलेल्यांना कुणी रड्या म्हटलं नाही.

पण एक गोष्ट मुलाला जरूर सांगा, कारण ती बिल्डिंगमधल्या मुलांना धड सांगता येत नसेल आणि म्हणून ती शिवी देत असतील. 7 जून 1975 ला लॉर्ड्सवर इंग्लंडने 60 षटकांत 4 बाद 334 केल्या आणि गावस्कर पूर्ण डाव खेळून 174 चेंडूंत नाबाद 36. आपण 202 धावांनी हरलो. याच गावस्करने चार वर्षांपूर्वी वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत 774 धावा केल्या होत्या. बॅट तीच, माणूस तोच, घड्याळ वेगळं. तुमच्या मुलाने आधी घड्याळ बघावं. व्हीजीसी, म्हणजे पोकेमॉनच्या व्हिडिओ गेमची अधिकृत स्पर्धा, डबल्सची असते, सहांतले चारच खेळवायचे, सामना 20 मिनिटांचा, त्यात स्वतःचा विचार करायला एकूण 7 मिनिटं आणि एका टर्नला 45 सेकंद. तिथे साठ टर्नची टीम नेणं म्हणजे सकाळच्या विरार फास्टमध्ये कॅरम मांडणं. एकाच टीममधल्या दोघांनी एकच आयटम (हातातली वस्तू) वापरायचा नाही असाही नियम, त्यामुळे सगळ्यांच्या हातात लेफ्टओव्हर्स, म्हणजे दर टर्नला थोडे एचपी भरणारा आयटम, देऊन बसता येत नाही. तिथला बचाव वेगळा, तो वरच्या पत्रातली खार करते तसा.

आणि टीम बचावाची असली तरी बटण वेळेवर दाबायचं. मुद्दाम वेळ काढत बसणं ही मात्र खरंच रडी, स्पर्धेत त्याला शिक्षाही होते. विचार समोरचा करत असताना करून ठेवावा. तुमचा मुलगा नखं खात पंचेचाळीस सेकंद पुरी वापरत असेल तर मुलांचं बरोबर आहे, आणि तसं असेल तर मला पुन्हा लिहा, मी त्याला वेगळं पत्र पाठवते.

चॅन्सी चांगली की ब्लिसी? भाऊ म्हणतो वाढलेलाच नेहमी चांगला.
— सहावीतली वाचक, चेंबूर

चॅन्सी वाढली की ब्लिसी होते. भावाला हा हिशेब दाखव. 'इव्हिओलाइट' नावाचा दगड फक्त पूर्ण न वाढलेल्यांनाच चालतो, त्यांचे दोन्ही डिफेन्स दीडपट करतो. चॅन्सीचा मूळ डिफेन्स 5, हसण्यासारखा. पण लेव्हल 100 ला वाढवायला मिळतं ते सगळं त्यात ओतलं तर 119, दगडासकट 178. एचपीत ओतलं तर 704. ब्लिसीचे एचपी 714, दहाच जास्त. म्हणून जिथे मार खायचा तिथे धाकटी मजबूत. पण दगड हातात असल्यामुळे बूट घालता येत नाहीत, जमिनीवर काटे असले की धाकटीला दर वेळी टोचतात, आणि कुणी 'नॉक ऑफ' मारून दगड पाडला की ती पुन्हा 119 वर. काटे काढणारा टीममध्ये असेल तर चॅन्सी, नसेल तर बूट घातलेली ब्लिसी.

एका पत्रलेखकाने विचारलंय की ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये सिम्युलेटरवर सराव केला तर चालेल का. मारकुटी टीम असेल तर खुशाल, ठाण्याच्या आत दोन सामने होतात. स्टॉल असेल तर कल्याण फास्ट पकडू नका. फास्ट लोकल अजून पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा मी डोंबिवलीला सासूबाईंकडे जाताना चौपन्नाव्या टर्नला त्या बोगद्यात शिरले होते. रेंज आली तेव्हा दिवा आलं होतं आणि स्क्रीनवर लिहिलं होतं की वेळ संपल्यामुळे मी हरले. समोरच्याचा शेवटचा गडी विषाच्या पाचव्या टर्नवर होता. आता मी स्लो धरते.